कुंदाच्या मरणानंतरच्या दहा सह्या

१

मंगळवारी दुपारी अदितीच्या टेबलावर अठ्ठावीस पावत्या पडल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी मृत्यूचा एक दाखला.

पावत्या कुलदीपने आणल्या होत्या. प्रत्येकीवर तोच मजकूर: मुलगी आकांक्षा हिच्या पोटगीचे पैसे रोख मिळाले. मग तारीख, आणि खाली कुंदाची सही. कुलदीप आणि कुंदाचा घटस्फोट झाला तेव्हा कोर्टाने पोरीसाठी दरमहा पोटगी ठरवून दिली होती. पहिले दोन महिने सोडले तर ती कधी मिळालीच नाही, असा अर्ज आता कुंदाच्या धाकट्या बहिणीने, दामिनीने, केला होता. पैसे घेणारी आई राहिली नाही, पण थकलेले पैसे पोरीचे आहेत, ते पोरीला द्या, एवढंच तिचं मागणं.

दाखल्यावर तारीख होती गेल्या वर्षीची, तीन ऑगस्ट.

शेवटच्या पावतीवर या वर्षीची, आठ मे.

अदितीने पावत्या पुन्हा एकदा लावून पाहिल्या. मरून गेल्यावर दहा महिने, दर आठ तारखेला, कुंदा सही करत होती.

अदिती अमरावतीच्या कुटुंब न्यायालयात समुपदेशक होती. भांडणाऱ्या माणसांना समोर बसवायचं, लेकरं राहतात ती घरं पाहून यायची आणि न्यायाधीशांना अहवाल द्यायचा, हे तिचं काम. बाळंतपणाची रजा संपून कामावर येऊन तिला जेमतेम दोन महिने झाले होते. आजही पदराआडून दुधाचा वास येत होता आणि घड्याळाकडे लक्ष होतं.

"मेलेली बाई सही करते काय, मॅडम?" कुलदीप उभाच होता. अकोल्याच्या एका दालमिलमध्ये तो मिस्त्री होता. नखांत काळं ग्रीस. "कोन करत होतं थे हिले इचारा. माहे पैसे खाल्ले, बहीण मेली हे लपवलं, अन् वरून मलेच थकबाकीदार केलं! अशा घरात माही पोट्टी राह्यची नाई."

ताब्याचा अर्ज त्याने कालच दिला होता. न्यायाधीशांनी शुक्रवारी अहवाल मागितला होता. दामिनीने मेलेल्या बहिणीच्या खोट्या सह्या केल्या असतील, तर सहा वर्षांची आकांक्षा त्याच दिवशी अकोल्याला जाणार होती.

दामिनी खाली मान घालून बसली होती. कुलदीप बाहेर गेल्यावर तिने डोळे वर केले.

"ताई, सह्या माह्या नाईत. पन मरन लपवलं, थे खरं हाय."

२

साईनगरातल्या दोन खोल्या. एकीत शिलाई मशीन, दुसरीत बाकी सगळं. अदिती गेली तेव्हा आकांक्षा जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती.

"काहून लपवलं, दामिनी?"

"कुंदीनंच सांगतलं होतं. काविळीनं गेली थे. दवाखान्यात हात धरून म्हणे, त्याईले कळवू नको, पोट्टी घेऊन जातीन. जास्त ताणलं तं ताबा मागीन, असा त्याचा निरोपच होता तिले. म्हनून थे जीती होती तवा पैसेही मागतले नाई तिनं. दिवसा दवाखान्यात आयाचं काम, संध्याकाळी ब्लाउज."

"मग आता अर्ज कशासाठी?"

दामिनीने मान तिरकी करून लेकराकडे बघितलं. "हिच्या कानाचं ऑपरेशन हाय. डावा कान. डॉक्टर म्हनते, उशीर केला तं ऐकू येनार नाई. मी पिको-फॉल करून कुठून आनू?"

अदिती आकांक्षाजवळ बसली. चित्रात तीन बायका होत्या, एक मोठी, एक मध्यम, एक छोटी.

"ही कोण?"

"आई. आईचा फोटो होता न, त्याच्यासमोर दिवा होता. तवा बाजूच्या काकू दिंडं करत होत्या अन् मावशी म्हणे आपल्याले नाई करता येत." आकांक्षाने लाल खडू शोधला. "मी लई रडली होती. पन आईसाठी नाई, दिंडासाठी."

दामिनीने पदर तोंडाला लावला.

अदितीला विश्वास ठेवावासा वाटत होता. पण लेकराच्या गरजेपायी चांगली माणसं खोट्या सह्या करतात, हे तिने या नोकरीत पाहिलं होतं. एक गोष्ट सरळ समोर उभी होती: कुंदाचं मरण जिला ठाऊक होतं आणि ते लपवण्यात जिचा फायदा होता, अशी एकच बाई होती.

निघताना फोन वाजला. कुलदीपचे पैसे अकोल्याहून इकडे आणणारा माणूस, ओमप्रकाश, बोलत होता.

"मॅडम, पावत्या सोडा. पावतीपेक्षा मोठा पुरावा हाय माह्यापाशी."

३

बुधवारी सकाळी तो बडनेरा स्टेशनबाहेरच्या चहाटपरीवर भेटला. नोकरी बडनेऱ्याला, बिऱ्हाड अकोल्यात जठारपेठेला. पंधरा वर्षांचं अपडाउन. टापटीप माणूस, शर्टाची घडी मोडलेली नाही.

"सोयरीक म्या जमवली होती, मॅडम. मोडली थेही माह्याच बोकांडी. दोन्ही घरं एकमेकाचं तोंड पाहत नाईत, फोन बंद, बोलनं बंद. मंग मधला मानूस कोन? हा ओमप्रकाश!" तो हसला. "आठ तारखेले सकाळी गोदाबाई पाकीट द्याची, कुलदीपची माय. म्या इथं बडनेऱ्याले संध्याकाळी कुंदाच्या हाती द्याचं, सही घ्याची. नवाले सकाळी पावती कुलदीपच्या घरी."

"गेल्या ऑगस्टपासून कुंदा नाही. मग कोणाच्या हाती देत होता?"

त्याने कप खाली ठेवला. "हेच तं इचार करून राहिलो. तोंडाले ओढनी बांधून यायची थे. आपल्या इकडच्या साऱ्याच बाया बांधतात, उनापायी. डोळे तेवढे दिसत. बोलनं चालनं नाई. पाकीट घेतलं, सही केली, गेली. बहिनी-बहिनीचे डोळे सारखेच राह्यतात न."

"ती दामिनी होती असं शपथेवर सांगाल?"

"तोंड पाह्यलं नाई तं कसं सांगू?" तो सावधपणे म्हणाला. मग पुढे वाकला. "पन पाकिटासंगं डबा राहे. गोदाबाई नातीसाठी खाऊ धाडे. अन् मागच्या महिन्याचा डबा दर खेपेले भरून वापस ये. पाकीट पोचलं नसतं तं डबा भरला कोनं? जाऊन इचारा म्हातारीले."

अकोल्याच्या गाडीत बसेपर्यंत अदितीच्या कानात तो प्रश्न घुमत होता.

४

गोदाबाईंचे गुडघे गेले होते; त्या खाटेवरूनच बोलत. आधी त्यांनी पैशाचं काहीच काढलं नाही.

"कशी दिसते वो पोट्टी आता? समोरचे दात पडले असतीन न?"

"दोन पडलेत."

"बाई!" म्हातारीचे डोळे भरले. "साडेतीन वर्साची होती गेली तवा."

मग त्यांनी ओट्याकडे बोट दाखवलं. जोडीतला एक, कडीचा, स्टीलचा, मध्यम डबा. "दर महिन्याले काही न काही करून धाडो. उनाळ्यात सरगुंडे, हिवाळ्यात तिळाच्या वड्या. अन् कुंदी, भांडली तं भांडली, पन रीत नाई सोडली तिनं. एकदाही डबा रिकामा नाई आला. कधी शिरा, कधी मेथीचे मुटके. दुसऱ्या दिवशी सकाळी ओमप्रकाश डूटीवर जाता जाता ठेवून जाये. हाताले कोमट लागे डबा. म्या कुलदीपले म्हनो, पाह्य, लेकराची माय हाय, मनातून नाई गेली."

"गेल्या ऑगस्टमध्येही आला होता का?"

"न याले काय झालं? नागपंचमीच्या दिवशीच आला. पुरनाचे दिंडं होते. आपल्या इकडं त्या दिवशी तवा नाई ठेवत न, उकडूनच खातो. मले चांगलं याद हाय, कुलदीपनं पाच खाल्ले."

कुलदीप दारात उभा होता. "आता सांगा. पैसे पोचले नाई तं दिंडं आभाळातून पडले का?"

अदितीने ओट्यावरच्या डब्याकडे पाहिलं. म्हातारी खोटं बोलत नव्हती. पोरगाही नाही. आणि डबा तर कोणाच्याच बाजूचा नव्हता.

"शुक्रवारी मी पोट्टीले घेऊन येनार," कुलदीप म्हणाला. "माय तिच्यासाठी फ्राक शिवून बसली हाय."

५

गुरुवारी सकाळी बाळ, गौरांग, मांडीवर होता आणि अहवाल लॅपटॉपवर. 'मावशी दामिनी हिनेच बहिणीच्या नावाने रक्कम स्वीकारली असण्याची शक्यता' इथपर्यंत लिहून अदितीची बोटं थांबली होती.

सासूबाईंनी गौरांगसाठी मुगाची खिचडी डब्यात भरून पुढ्यात ठेवली. "तासाभरानं दे, तोवर लिही तू."

ती लिहू लागली. मेथीचे मुटके. शिरा. नागपंचमी, नऊ ऑगस्ट.

कुंदा गेली तीन तारखेला.

अदितीने बोटांवर मोजलं. सातवा दिवस. तेराव्यापर्यंत त्या घरात सुतक होतं. कुंदाच्या फोटोपुढे दिवा जळत होता, शेजारणीने दिंडं केली आणि मावशी म्हणाली, आपल्याला करता येत नाहीत. ज्या घरातून नुकतंच माणूस गेलं, त्या घरात पुरण शिजत नाही. आणि शिजवलंच कोणी, तरी ते बाहेर धाडत नाही. सुतकाच्या घरचं अन्न दुसऱ्याला देणं म्हणजे आपलं मरण त्याच्या ताटात वाढणं. पैशाच्या लोभाने सही करणारी बाईसुद्धा ते करणार नाही. करायची गरजही नव्हती. चिमूटभर साखर घातली असती तरी रीत राहिली असती.

पण दामिनीने विकतची आणून भरली असतील तर?

गौरांगने डबा ओढला. तिने झाकण काढलं, चमच्याने खिचडी ओठांना लावून पाहिली. तासाभरात पार निवली होती.

तिचा हात तसाच राहिला.

बडनेऱ्याला संध्याकाळी घेतलेला डबा. रात्रभर अकोल्यात. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाबाईंच्या हाताला कोमट.

तिने दामिनीला फोन लावला. "गोदाबाईंच्या खाऊचा डबा यायचा तुमच्याकडे?"

"पयले दोन महिने आला होता, ताई. पैशासंगं. मंग थेही बंद. काहून वो?"

"आणि ताबा मागीन, हा कुलदीपचा निरोप कुंदाला कोण सांगायचं?"

"कोन सांगन? ओमप्रकाशभाऊच. दुसरं कोन होतं मधात?"

अदितीने अहवालातलं शेवटचं वाक्य खोडलं. गौरांगचं तोंड पुसलं, त्याला सासूबाईंकडे दिलं. तो रडायला लागला. ती जिन्यात क्षणभर थांबली, आणि उतरली.

६

"तुम्ही एक शब्द बोलायचा नाही," तिने कुलदीपला बजावलं. "फक्त ऐकायचं."

अकोल्यात, कुलदीपच्या घरापासून चार गल्ल्या सोडून जठारपेठेतच ओमप्रकाशचं बिऱ्हाड होतं. दार त्याच्या बायकोने, बेबीताईंनी, उघडलं. पीठ लागलेले हात, हसरा चेहरा.

"या नं! थे अंघोळीले गेले हाय, आज सुट्टी हाय त्याईची. बसा, मी चहा ठेवतो."

अदिती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली. आत जे विचारणार होती त्याने या बाईचा संसार मोडणार, हे तिला कळत होतं. तिने तरीही विचारलं.

"ताई, मागच्या नागपंचमीची तुमची दिंडं फार सुरेख झाली होती म्हणे."

बेबीताई खुलल्या. "कोनं सांगतलं? गोदाबाईनं? बाप्पा, आवडले का त्याईले! माह्या मनात लई होतं इचाराचं. म्हातारी दर महिन्याले आपल्यासाठी एवढं करून धाडते, तं डबा रिकामा कसा वापस कराव? सकाळी लवकर उठून काही न काही टाकोच मी त्याच्यात. हे म्हनत, कायले खटाटोप करतं, देऊन टाक तसाच. म्या म्हटलं, मानसाचं काम मानसाले कळत नाई, तुमी नेऊन द्या चुपचाप."

"तुम्ही कधी भेटायला नाही गेलात त्यांना?"

"यायनं मना केलं होतं. म्हने तिच्यापुढं जाऊ नको, सोयरीक मोडली तवापासून आपल्याले पाह्यलं का रडते..."

त्या थांबल्या. कुलदीपचा चेहरा त्यांना दिसला होता. त्याच्या पाठीमागे, खांद्यावर टॉवेल टाकून, ओमप्रकाश उभा होता.

चहा उतू गेला. बेबीताईंचं तिकडे लक्ष नव्हतं.

"काय झालं वो?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. "म्या काय चुकीचं सांगतलं?"

ओमप्रकाश भिंतीला टेकला. "पयल्या खेपेले उसने म्हनून घेतले. देवाशप्पथ. पोराच्या कॉलेजची फी होती. वाटलं, फुडच्या महिन्यात टाकू."

"पुढच्या महिन्यात काय झालं?"

"कोनं इचारलंच नाई." त्याचा आवाज खाली गेला. "तिले सांगतलं, थो देत नाई. याले सांगतलं, थे घेते. सह्या म्याच करो, थे गेली हे मलेही ठाऊक नव्हतं. तुमी दोघं एकदा जरी फोनवर बोलले असते न कुलदीप, मी तिसऱ्याच महिन्यात सापडलो असतो."

"अन् मी ताबा मागतो म्हनून?" कुलदीप पुढे झाला. "असं म्या कधी म्हटलं रे?"

"थे कोर्टात जाऊन राहिली होती. कुठंतरी थांबवनं लागे."

कुलदीपने त्याची बनियन धरली. अदिती मधे शिरली. पण हात सोडवला तो बेबीताईंनी. त्यांनी कुलदीपची बोटं एकेक करून उकलली आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"म्हंजे थो खाऊ लेकराचा होता?" त्या म्हणाल्या. "दोन वर्सं तुमी मले त्या लेकराच्या तोंडचं खाऊ घातलं?"

बेबीताईंनी गॅस बंद केला, त्या आतल्या खोलीत गेल्या आणि कडी लावून घेतली.

७

स्टेशनच्या रस्त्याला कुलदीप अदितीसोबत निघाला. मग म्हणाला, "मॅडम, पैसे म्या देल्ले. ह्या हातानं कमावले, मायच्या हातात देल्ले. चोरले त्यानं. मंग मी थकबाकीदार कसा?"

"कोर्ट ओमप्रकाशकडून वसूल करायला लावेल तुम्हाला. पण तोवर?" अदिती थांबली. "तुम्ही तुमच्या माणसाच्या हाती दिले. पोरीच्या हाती एक रुपया पोचला नाही. तिची आई मेली म्हणून ते पैसे मिटत नाहीत, आणि चोरीला गेले म्हणूनही नाही. तिचा कान थांबणार नाही कुलदीप."

"कोनता कान?"

त्याला माहीतच नव्हतं. अदितीने सांगितलं. रस्त्यात उभ्या उभ्या सांगितलं, आणि मग जे अहवालात लिहिता येत नाही ते विचारलं.

"अठ्ठावीस पावत्या नीट जपून ठेवल्यात तुम्ही. त्यातल्या एकाही आठ तारखेला स्वतः का नाही गेलात?"

तो पुढे चालू लागला. उद्या तो काय करणार, हे तिला त्याच्या चेहऱ्यावरून समजेना. पोरीवर त्याचा हक्क होता. बाप होता तो. सह्यांचं कोडं सुटलं तरी ताब्याचा अर्ज त्याचा तसाच उभा होता.

शुक्रवारी कोर्टाच्या व्हरांड्यात एकच पंखा चालू होता. त्याच्याखालच्या बाकावर कुलदीप बसला होता. दामिनी आकांक्षाचा हात घट्ट धरून आली आणि लांब, भिंतीशी उभी राहिली. आकांक्षाने हात सोडवून घेतला. थेट त्याच्यासमोर गेली.

"काका, थोडं सरकता का? मले पंख्याखाली बसाचं हाय."

कुलदीपने तिच्याकडे पाहिलं. काहीतरी विचारलं, हळू आवाजात. तिने मान वळवून उजवा कान त्याच्याकडे केला. "आँ?"

त्याने पुन्हा विचारलं नाही. तो सरकला.

आत पुकारा झाला. न्यायाधीशांनी अदितीचा अहवाल वाचला, दोन प्रश्न विचारले, ओमप्रकाशविरुद्ध पोलिसांत कळवायला सांगितलं. मग त्यांनी कुलदीपकडे पाहिलं. "ताब्याच्या अर्जाबद्दल तुमचं म्हणणं?"

कुलदीपने कठड्याला धरलं. "वापस घेतो, साहेब. पोट्टी मले काका म्हने आता. वयख नाई तिची न माही. आधी वयख तं होऊ द्या." "थकलेले भरतो. मायचा सोन्याचा गोफ मोडतो, कानाच्या ऑपरेशनपुरतं आजच होते. बाकीचे महिन्या-महिन्याले. अन् यानंतर कोनाच्या हाती नाई देत. आठ तारखेले मीच येईन अमरावतीले, दामिनीनं दार उघडलं तं."

सगळ्यांनी दामिनीकडे पाहिलं.

"आठ तारखेले नोका येऊ," ती म्हणाली. "रविवारी या. एरवी तिची शाळा राह्यते."